नागोयाने तपासलेलं पान

चौदा ऑगस्ट दोन हजार तीन. गुरुवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. अर्ध्या अमेरिकेची वीज एका फटक्यात गेली. पेपरवाल्यांनी त्याची कारणं काहीही छापलेली असू देत, डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉयमधली वीज दोन माणसांना एका लिफ्टमध्ये कोंडण्यासाठीच गेली होती, याबद्दल मला तरी शंका नाही.

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध थांबली. आत एक लालसर दिवा आणि दोन माणसं. एक श्रीरंग दाबके, वय सत्तावीस, तिसऱ्या मजल्यावर वेबसाइटी बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर. सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर ट्रॉयला आला आणि इथलाच झाला. आणि दुसरी एक मुलगी. पिवळा कुर्ता, कपाळावर घामाने चिकटलेली एक बट, छातीशी मोठमोठ्या कागदांचा गठ्ठा.

"अगं आई गं..." ती पुटपुटली.

"मराठी?" श्रीरंगने विचारलं.

"घाबरले की मराठी. एरवी इंग्रजी, आणि चौथ्या मजल्यावर गेले की जपानी." मग जरा सावरून म्हणाली, "आसावरी निमकर. सांगली, मग पुणे, मग नागोया, आणि आता ही लिफ्ट."

"श्रीरंग," तो म्हणाला. बस्स, एवढंच. त्याची ओळख करून द्यायची पद्धतच तशी होती.

आत इतकं उकडत होतं की बटणांवरचे आकडेसुद्धा निथळत होते. आसावरीने गठ्ठ्यातला एक कागद काढला आणि वारा घ्यायला लागली. कागद त्याच्या नाकासमोरून जात होता, येत होता. लाल, पिवळी, निळी अक्षरं, चौकटी, चौकटींत चौकटी...

"हे काय आहे? सुपरमार्केटची जाहिरात?"

"वेबसाइट आहे. आमच्या जपानी कंपनीची. गाड्यांची बेअरिंग बनवतो आम्ही."

"सगळी वेबसाइट एका पानावर?"

"हे फक्त होमपेज."

श्रीरंगने क्षणभर डोळे मिटले. "यात वाचायला सुरुवात कुठून करायची?"

"कुठूनही. फराळाच्या ताटात सुरुवात कुठून करायची हे कोणी सांगतं का तुम्हाला?"

"आणि हा डोळे असलेला टायर?"

"टायर नाही हो, बेअरिंग! बेअरिंग-कुन, म्हणजे बेअरिंगबाळ. कंपनीचा शुभंकर. त्याचा वाढदिवस असतो दोन एप्रिलला. फॅक्टरीत केक कापतात."

"माझ्या हातात द्या. नव्वद टक्के उडवून टाकतो."

"उडवा की," ती म्हणाली, "पण आत्ता नको. वारा घेतेय."

आणि गठ्ठ्यातला दुसरा कागद काढून तिने त्याच्या हातात दिला. मग दोघं समोरासमोर बसून वारा घेत राहिली. किती वेळ? श्रीरंग सांगायचा, एक तास चाळीस मिनिटं. आसावरी सांगायची, दोन तासांच्या वर. मी चौकशी केली तेव्हा बिल्डिंगच्या गार्डने सांगितलं, पस्तीस मिनिटं. पण गार्डला प्रेमातलं काय कळतं!

ऑक्टोबरात नागोयावाल्यांनी आपल्या जपानी-इंग्रजी वेबसाइटचं काम खालच्या मजल्यावरच्या कंपनीला दिलं. कंपनीचा मालक विवेक, मूळचा नागपूरचा, त्याला वाटलं आपलं प्रेझेंटेशन फार भारी झालं. शिफारस चौथ्या मजल्यावरून झाली होती, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

आसावरीचं काम दोन टोकं जोडण्याचं. नागोया जे म्हणेल ते इकडे सांगायचं, इकडचं तिकडे. पुण्यात संध्याकाळच्या क्लासला जाऊन ती जपानी शिकली होती आणि दोन वर्षं नागोयात राहिली होती. तिथले तिचे साहेब कावागुची-सान तिला कायमची जागा देणार होते. साइट सुरू झाली की तिने परत जायचं; येणार की नाही, ते मार्चअखेर कळवायचं. म्हणजे श्रीरंगच्या हातात साडेपाच महिने होते. तसे पुष्कळ झाले. पण माणूस श्रीरंग होता.

त्याने पहिलं पान करून पाठवलं. पांढरंशुभ्र. मधोमध एक बेअरिंग, चंद्रासारखं. खाली तीन शब्द. त्याखाली एक बटण. त्या काळी फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं, पान वरून खाली हळूहळू उमटत जायचं, आठवतं ना? नागोयाच्या ऑफिसात अकरा माणसं पडद्यासमोर हात बांधून उभी राहिली आणि पाऊण तास उरलेलं पान उमटायची वाट बघत राहिली. मग त्यांनी नम्रपणे फॅक्स केला : 'पान अर्धवट पोचलं आहे. कृपया पुन्हा पाठवावं.'

"पुन्हा पाठवू?" श्रीरंगने विचारलं.

"चला, जेवायला जाऊ," आसावरी म्हणाली. "तुम्हाला भूक लागलेली असताना मी समजावलं तर भांडण होईल."

बाहेर बारीक पाऊस होता, बर्फ व्हायचं की पाणी राहायचं हे न ठरलेला. त्याच्या गाडीत बसून दोघांनी तिच्या डब्यातले थालीपिठाचे तुकडे खाल्ले. काचा धुक्याने भरल्या. आसावरीने बोटाने काचेवर चौकट काढली.

"हा अध्यक्षांचा फोटो आणि मनोगत. हे स्थापनेचं साल. ही माणसं किती, ती संख्या. हा फोन, हा फॅक्स. आणि हा स्टेशनपासून फॅक्टरीपर्यंतचा नकाशा, प्रत्येक वळणाचा फोटो जोडून."

"लोक इथून चालत जाणार आहेत का, नागोयाला?"

"जाणार नाहीत. पण निघालोच तर चुकणार नाही, एवढं कळलं की माणूस बसल्या जागी विश्वास टाकतो. तिथला ग्राहक भरपूर माहितीला नाही घाबरत. काय लपवलंय, त्याला घाबरतो. तुमचं पान बघून कावागुची-सान मला काय म्हणाले माहितीये? 'या कंपनीवर काही संकट आलंय का?'"

श्रीरंगला हसू आलं. ते त्याने दाबलं, पण तिने पाहिलं.

"मग तिथल्या त्या बागा? एक दगड आणि नुसती रेती?"

"बागेत बेअरिंग विकत घ्यायला जात नाही कोणी!" ती म्हणाली. "तिथे बसायचं असतं. आणि लिपीही बघा ना. आपल्या दहा अक्षरांचं काम त्यांच्या दोन अक्षरांत होतं, पान भरलं तरी डोळ्याला टिपता येतं. इंग्रजीसारखी मोठी अक्षरं नाहीत, तिरकी नाहीत. मग ठसवायचं कसं? रंग द्या, चौकट करा, चित्र टाका. सगळेच तसे नसतात हं. कावागुची-सानच्या घरी भिंतीवर कॅलेंडर सोडलं तर काही नाही."

"तरी गर्दी ती गर्दीच."

"आणि आपण कोण मोठे शांत? लग्नाचा बायोडेटा पाहिलाय कधी? उंची, वर्ण, रक्तगट, मामाचं आडनाव, सांगलीत बंगला, बंगल्यापुढे बोअर... सगळं एका पानावर. तुम्ही तुमचा केलात ना, तर पांढरा कागद, मधोमध फोटो आणि खाली एक बटण."

"बटणावर काय लिहू?"

वायपर एकदा इकडून तिकडे गेला.

"ते... ज्याचं त्याने ठरवायचं," आसावरी म्हणाली आणि डब्याचं झाकण लावायला लागली. झाकण आधीच लावलेलं होतं.

तर अशी ती थंडी गेली. साइटचं पान आठवड्या-आठवड्याला भरत गेलं. श्रीरंग एक चौकट काढायचा, आसावरी दोन घालायची. ती दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली, ते दोघांनाही आठवत नाही. मी श्रीरंगच्या शेजारच्या टेबलावर काम करायचो, मला आठवतं, बेअरिंग-कुनला मफलर घालायचा की नाही यावरच्या भांडणात.

जानेवारीपासून रोज संध्याकाळी पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांवर बर्फ असायचा आणि आसावरीच्या गाडीची काच मात्र लख्ख. पहिल्यांदा तिला वाटलं, बिल्डिंगवालेच करतात. मग एकदा तिने चौथ्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं. श्रीरंग हातमोजे दातांत धरून तिची काच खरवडत होता. पुढची, मागची, बाजूचे आरसेसुद्धा. मग दहा पावलं मागे जाऊन त्याने ती न्याहाळली, पान न्याहाळतो तशी.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काल माझी काच फार छान होती."

"हं," श्रीरंग म्हणाला.

काच खरवडणारा माणूस कधीतरी बोलेल, म्हणून ती वाट बघत राहिली. फेब्रुवारी गेला. मार्चचे तीन आठवडे गेले.

श्रीरंगची आई शोभना काकू. आसावरी दोन-चारदा त्यांच्याकडे जेवायला गेली होती, तेवढ्यावर काकूंनी सगळं ओळखलं होतं.

"अरे, त्या मुलीला काय स्वप्न पडणार आहे का?" काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "तुझे बाबा अबोल, पण मला बघायला आले तेव्हा 'पोहे छान झालेत' एवढं तरी म्हणाले होते. तू तेही म्हणायचा नाहीस."

"मला बोलता येत नाही गं. डिझाइन येतं."

"मग ते कर! पण काहीतरी कर. एकतीस तारखेनंतर करून कोणाला दाखवणार आहेस?"

आणि श्रीरंगने ते केलं.

साइटची नवी पानं आधी चाचणीच्या सर्व्हरवर ठेवायची पद्धत होती. यादीत त्रेसष्ट पानं होती. रोज संध्याकाळी पाचला आसावरी यादी उघडून नवीन काय ते बघायची. मंगळवारी दुपारी श्रीरंगने चौसष्टावं पान चढवलं. ती पाचला बघेल, सव्वापाचला आपण काढून टाकू, असा बेत.

काय पान होतं ते! आयुष्यभर पांढरी पानं करणाऱ्या त्या माणसाने त्यात टाचणी टेकायला जागा ठेवली नव्हती. वर 'श्रीरंग दाबके' आणि स्थापना एकोणीसशे शहात्तर. उंची. शाखा : ट्रॉय आणि आजोळ चिपळूण. संस्थापिकेचं मनोगत, शोभना काकूंच्या फोटोसकट. माहीत असलेले दोष, अकरा. नेहमी विचारले जाणारे प्रश्न. ऑफिसपासून घरापर्यंतचा नकाशा, प्रत्येक वळणाचा फोटो. हमीचा काळ. कोपऱ्यात बेअरिंग-कुन, मफलर घातलेला.

पाच वाजले. साडेपाच. श्रीरंग खाली गेला तर पार्किंगमध्ये तिची गाडीच नव्हती. खरवडण्याचं साधन हातात धरून तो मोकळ्या जागेपाशी उभा राहिला. आज आली नाही... मग उद्या सकाळी बघेल. राहू दे पान.

इथे त्याचं चुकलं. ट्रॉयची संध्याकाळ सरते तेव्हा नागोयात सकाळचे आठ वाजतात, आणि नागोयाची माणसं कामावर आली की यादीत जे असेल ते तपासतात. हे पान इथे कसं काय, असं विचारण्याची तिथे रीत नाही. यादीत आहे म्हणजे कोणीतरी विचार करूनच ठेवलं असणार. एका खात्याने तपासलं की पुढच्या खात्याकडे, तिथून पुढच्या. प्रत्येक खात्याचा शिक्का. संध्याकाळपर्यंत पान सात टेबलं फिरून आलं.

बुधवारी सकाळी दहाला मीटिंग. खोलीत विवेक, श्रीरंग आणि आसावरी. आसावरी थेट आलेली, कोटावर वितळता बर्फ, हातात पहाटे आलेला फॅक्स. वाचलेला नव्हता, जपानीतून जागच्या जागी मराठी करत वाचण्यात ती पटाईत होती.

"आज एकाच पानाबद्दल आहे," ती म्हणाली. "पान चौसष्ट."

श्रीरंगच्या हातातला कॉफीचा कप खाली आला. टेबलावर नाही, मांडीवर.

"'माहिती भरपूर. आतापर्यंतचं सर्वोत्तम पान. अभिनंदन.' वा! 'शेरा एक. उत्पादनाची उंची दिली आहे, वजन दिलेलं नाही.'"

"बेअरिंगची उंची?" विवेक म्हणाला. "यार, व्यास म्हणतात ना त्याला?"

"'शेरा दोन. संस्थापिकेचं मनोगत हृदयस्पर्शी आहे. परंतु संस्थापिका ही उत्पादनाची आई असल्यामुळे त्रयस्थ व्यक्तीचं मतही जोडावं.'" ती थबकली. "आई? बहुतेक मूळ कंपनी म्हणायचं असेल. 'शेरा सहा. दोषांमध्ये, कमी बोलतो, असं नमूद आहे. दुरुस्ती शक्य आहे का? किती दिवसांत?'"

"आवाज न करणारं बेअरिंग! हा दोष कसा काय यार?" विवेक पेन घेऊन लिहायला लागला.

"'शेरा चौदा. नकाशात मेपल रोडवरच्या पेट्रोल पंपाशी उजवं वळण आहे, तिथला फोटो...'" आसावरीचा आवाज हळू झाला. "मेपल रोडवरचा... पेट्रोल पंप..." तिने मान वर न करता पुढचं वाचलं. "'शेरा बावीस. हमीचा काळ, आयुष्यभर, असा लिहिला आहे. कंपनीचं धोरण तीन वर्षांचं आहे. कायदा खात्याची हरकत.'"

श्रीरंग टेबलाच्या लाकडातल्या रेषा मोजत होता. त्याचे कान बेअरिंग-कुनच्या मफलरइतके लाल झाले होते.

"शेवटचा शेरा सदतिसावा," ती म्हणाली. "कावागुची-सानच्या हातचा आहे. 'पान उत्तम. पण ते कोणासाठी आहे, हे कुठेही लिहिलेलं नाही. ग्राहक कोण?'"

विवेकने आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग पेनाला टोपण लावलं.

"मी कॉफी आणतो," तो म्हणाला. "तिघांना. जरा... लांबून आणतो."

दार लागलं.

"मी ते पान पाहिलेलं नाही," आसावरी म्हणाली.

"काल तू नव्हतीस."

"डेट्रॉइटला होते. जपानी कॉन्सुलेटमध्ये." तिने फॅक्सचे कागद सरळ केले, सरळच असलेले. "व्हिसाचे कागद देऊन आले. सोमवारी कावागुची-सानना होकार कळवला मी. आधी एक वर्षाचा करार आहे, मग कायम. वाट बघून बघून कळवला, श्रीरंग."

"ओके," तो सवयीने म्हणाला. आणि लगेच, "नाही. ओके नाही. अजिबात ओके नाही!"

ती दचकली. इतका मोठा आवाज तिने त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यानेही नव्हता.

"पान तुझ्यासाठी आहे. नाव नाही टाकलं, कारण नाव टाकताना हात थांबला. गेले सात महिने थांबतोय. तू जाणार म्हणून मला राग आलाय, तुझा नाही, माझाच. तुझ्याशिवाय दुपारी मला जेवण जात नाही. तू चौकटी घातलेली सगळी पानं मी घरी जाऊन परत बघतो. आणि वजन एकाहत्तर किलो, पण आईकडे जेवलो की बहात्तर."

आसावरीने ओठ घट्ट मिटले होते, पण गालावर खळी पडायची ती पडलीच.

"मी शब्द दिलाय," ती शेवटी म्हणाली. "तो मोडणार नाही."

"मोडू नकोस. मला आवडलेलं नाही, एवढं सांगतोय."

"बरं. शेऱ्यांची उत्तरं द्यावी लागतात मात्र. कंपनीचा नियम आहे."

"लेखी?"

"लेखी कंपनीला," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "मला तोंडी. शेरा सहा. दुरुस्तीला किती दिवस?"

विवेक कॉफी घेऊन परत आला तो पावणेदोन तासांनी. तेव्हा ती दोघं एकोणिसाव्या शेऱ्यावर होती.

तो फॅक्स पुढे कित्येक वर्षं शोभना काकूंच्या कपाटात होता. त्या कागदावरची अक्षरं वर्षं गेली की उडतात. आता तो नुसता पिवळट कागद राहिलाय, आणि मी सांगतो ते लोकांना खरं वाटत नाही. न वाटू दे.

मे महिन्यात आसावरी निघाली. डेट्रॉइटचा विमानतळ ट्रॉयपासून चाळीस मैल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांना कोवळी पानं फुटलेली, खिडक्या उघड्या, आणि श्रीरंग बोलत होता. चाळीसच्या चाळीस मैल. लहानपणी शाळेच्या बसमध्ये तो रडला होता ते, बाबा गेले तेव्हा रडला नव्हता ते, दर रविवारी फोन करण्यासाठी दहा डॉलरची किती कार्डं घेऊन ठेवलीत ते. गाडी लावली. बॅगा उतरवल्या. आणि ट्रॉलीचं हँडल धरून तो म्हणाला,

"वर्षाने मी तुला इथेच न्यायला येऊ? म्हणजे... घरी न्यायला. कायमची. लग्न करून. लग्न आधी की नंतर, ते आई ठरवेल, पण... येऊ का?"

आसावरी काहीच बोलली नाही.

जिने लिफ्टमध्ये कोंडलेलं असताना बेअरिंगचा वाढदिवस सांगितला होता, ती मुलगी गप्प. चेक-इन होईपर्यंत गप्प. वर जाणाऱ्या जिन्यावर गप्प. तपासणीच्या रांगेच्या दोरीपाशी तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, मान खाली घातली आणि रांगेत शिरली. श्रीरंग दोरीच्या अलीकडे उभा राहिला. पुढे सोडत नाहीत.

रांग सरकली. तिने पर्स ट्रेमध्ये ठेवली. बूट काढले. पुढच्या माणसाने पट्टा काढला. आता तिची पाळी...

आणि ती उलटी फिरली. बूट हातात, पायात निळे मोजे. "एक्सक्यूज मी, सॉरी, एक्सक्यूज मी," करत अख्ख्या रांगेच्या पोटातून बाहेर येत होती. सुटाबुटातले साहेब कुरकुरत होते, एक बाळ टाळ्या वाजवत होतं, तपासणीवाली बाई "मॅम! मॅम!" म्हणून ओरडत होती. ती दोरीपाशी आली. धाप लागली होती. डोळे भरले होते.

"हो," ती म्हणाली.

एवढंच. आणि मोजे फरशीवर घसरवत परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

विमान त्या दिवशी अकरा मिनिटं उशिरा सुटलं. धुक्यामुळे, असं लाउडस्पीकरवर सांगितलं. मागून दुसऱ्या गाडीने आलेला मी बाहेर पार्किंगमध्ये शोभना काकूंबरोबर उभा होतो. आभाळात ढगाचा एक ठिपका नव्हता.